गल्लीतलं वाचनालय आणि सुतळीला बांधलेली मागणीवही

पोळपाट:

सासूबाई चिपळूणहून दोन महिन्यांसाठी आल्या आहेत. तिसऱ्या दिवशी दुपारी टीव्ही बंद करून म्हणाल्या, "इथे वाचनालय असेलच की गं." आहे. डोंबिवली पूर्वेला आमच्या घरापासून चालत बारा मिनिटं, भाजीवाल्यांच्या मागच्या गल्लीत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर वाचनालय. त्या जिन्यासमोरून मी रोज रिक्षाने जाते. माझं कार्डही होतं तिथे, लेक झाल्यावर बंद पडलेलं.

पुन्हा सभासद झाले. अनामत पाचशे, महिना ऐंशी, एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक. सासूबाईंना खजिना सापडला. मला मात्र समोरच्या मांडणीवर कॉलेजात असताना होत्या त्याच कादंबऱ्या दिसल्या, फक्त बाइंडिंग बदललेलं. मी साष्टीच्या, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या बेटाच्या, इतिहासावरचं एक पुस्तक विचारलं. "नाही." मान वर न करता.

निघताना काउंटरच्या कडेला सुतळीने बांधलेली शंभर पानी वही दिसली. वर लिहिलं होतं 'मागणीवही'. शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची, "पाककृतींची नवीन पुस्तके आणावीत", आणि खाली दुसऱ्या अक्षरात "सहमत". बस्स. मी माझं पुस्तक लिहून आले. वहीचं पेन चालत नव्हतं, काउंटरवरच्या बाईंचं मागितलं, तर त्यांनी असं बघितलं की जणू मी अनामत परत मागतेय.

तर प्रश्न असा: पुस्तक आणणं आणि परत करणं याच्या पलीकडे तुम्ही जवळच्या वाचनालयाचा काय उपयोग करता? आणि ती वही कुणी वाचतं का?

स्लो_लोकल:

कशाला जिने चढताय? फोनवर सगळं आहे. डोंबिवली ते सीएसएमटी सव्वा तास, बसायला मिळालं तर आठवड्याला एक पुस्तक होतं. वाचनालय म्हणजे धूळ, पंख्याचा आवाज आणि 'शांतता राखा'ची पाटी. (पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

फडताळ:

ताई, एकतीस वर्षं ग्रंथालयात काढली, त्यातली बावीस देवघेवीच्या खिडकीवर. त्यामुळे जरा लांबण लागणार.

वही वाचतात. पण कधी वाचतात ते माहीत हवं. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयाला सरकारकडून परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालवायचे पैसे, मिळतं, १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली. अ, ब, क, ड असे वर्ग, आणि वर्गाप्रमाणे रक्कम. पैसे हप्त्यांत येतात आणि मार्चअखेर हिशेब जुळवायचा असतो. मग खरेदी कधी होणार? जानेवारी-फेब्रुवारीत, धावतपळत. विक्रेता यादी घेऊन येतो, सवलत सांगतो, चहा होतो, समितीतले दोघंतिघं यादीवर खुणा करतात. त्या दिवशी टेबलावर वाचकांच्या मागण्या असल्या तर त्या आधी जातात. नसल्या तर विक्रेत्याच्या गोदामात जे पडून आहे ते आपल्या मांडणीवर येतं. तुम्ही बघितलंत ते बहुतेक असंच आलेलं.

म्हणून डिसेंबरपर्यंत वहीत नोंद हवी. "चांगली पुस्तके आणावीत" लिहून उपयोग नाही, त्याचं कुणी काही करू शकत नाही. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, जमल्यास किंमत, आणि खाली तुमचा सभासद क्रमांक. क्रमांक नसेल तर समितीत पहिला प्रश्न येतो, "हे मागितलं कुणी?" आणि ग्रंथपाल गप्प बसतो. एकाच पुस्तकाखाली तीन क्रमांक आले तर ते अडवायची कुणाची छाती नाही.

आता त्या "नाही"बद्दल. आमच्या खिडकीवर "नाही"चे अर्थ असायचे: खरंच नाही, आहे पण बाहेर गेलंय, आणि आहे, आतल्या कपाटात आहे, पण मला आता उठायचं नाहीये. तिसरं उत्तर मी स्वतः कितीदा दिलंय. समोर दिसतं ते ग्रंथालयाच्या मालमत्तेचं जेमतेम तोंड. ज्याला उठाव नाही ते आत जातं, आणि इतिहास, प्रवास, शास्त्र यांना उठाव कमीच. तालिका, म्हणजे पुस्तकांची सूची, संगणकावर असेल तर शोधायला सांगा, नसेल तर दाखल रजिस्टर (आलेलं प्रत्येक पुस्तक ज्यात नोंदवतात ते) बघू का म्हणून विचारा. शनिवारी संध्याकाळी विचारू नका, झुंबड असते. मंगळवारी सकाळी अकराला जा.

आणखी एक. नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा ढीग काउंटरच्या मागे असतो, जागेवर लावायच्या आधीचा. तो चाळायला मागा. वस्तीतली माणसं काय वाचतायत ते त्या ढिगात कळतं, आणि नवी पुस्तकं मांडणीपर्यंत पोचतच नाहीत, तिथूनच उचलली जातात.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा'. परीक्षेला पाठ केला, खिडकीवर बसल्यावर विसरलो. १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, तसबिरीला हार मात्र न चुकता घालायचो.

पोळपाट:

काका, वाचनखूण साठवली. म्हणजे माझं "नाही" तिसऱ्या जातीचं असू शकतं! मंगळवारी जाऊन बघते.

कोलशेतकर:

धागाकर्ती, साष्टीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी ठाण्याला घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये राहतो. कॉम्प्लेक्सचं नाव असं की वाटावं इटलीतच आलो. लेकीला शाळेत 'आपला परिसर' प्रकल्प होता, तिने विचारलं, "बाबा, इथे आधी काय होतं?" मला माहीत असलेलं उत्तर: कंपनी.

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचं, संस्थापकांत 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे. तिथे घेऊन गेलो तिला. कथा-कादंबऱ्या मिळतात तो देवघेव विभाग वेगळा आणि संदर्भ विभाग वेगळा, हे वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. संदर्भाची पुस्तकं घरी मिळत नाहीत, तिथेच बसून वाचायची. माझी सूचना: पेन्सिल न्या आणि एकच नेमका प्रश्न घेऊन जा. "ठाण्याबद्दल काहीतरी" म्हणालो असतो तर मिळालं असतं काहीतरीच. "कोलशेत, बाळकुम, ढोकाळी इथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोक काय करायचे" म्हटल्यावर माणूस खुर्चीतून उठला.

१८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर समोर आलं, इंग्रजांनी केलेलं. मिठागरं, भाताच्या जाती, मासेमारी, बंदरं, काय नाही त्यात. हे आता इंटरनेटवरही आहे, मान्य. पण तिथल्या माणसाने गॅझेटियरच्या शेजारी अजून दोन मराठी पुस्तकं आणून ठेवली, जी मी कधीच शोधली नसती, कारण ती आहेत हेच माहीत नव्हतं. लेकीने प्रकल्पात लिहिलं की मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं ते १७३७ मध्ये, आणि पहिली आगगाडी आली १८५३ ला, म्हणजे मध्ये ११६ वर्षं. वजाबाकी तिची तिने केली. बाईंनी त्यावर "छान" लिहिलं, त्याची मला जास्त फुशारकी.

आईचा_डबा:

मुलांचं कार्ड वेगळं काढा. आपल्या कार्डावर त्यांची पुस्तकं आणू नका. माझ्या मुलाने स्वतःच्या सहीने (म्हणजे एक वाकडा 'अ') पहिलं पुस्तक घेतलं तेव्हा रिक्षात ते मला हातात धरू दिलं नाही. आणि तेच पुस्तक नवव्यांदा आणलं तर आणू दे. मी चौथ्या वेळेला बोलले होते, तेव्हा बालविभागातल्या ताईंनी मलाच गप्प केलं.

मे महिन्यात मात्र पहिल्या आठवड्यातच जा, नंतर मांडणीवर फक्त निबंधमाला उरतात.

खुर्ची_नं_१४:

सगळे पुस्तकांबद्दलच बोलताय म्हणून मी बोलतो. मी कळव्याला राहतो, घरात पाच माणसं, दहा बाय बाराची खोली, आजीचा टीव्ही. राज्यसेवेची तयारी करतोय. माझ्यासाठी वाचनालय म्हणजे अभ्यासिका. सकाळी सात ते रात्री दहा, महिन्याचे तीनशे. तिथलं एकही पुस्तक मी आजवर घरी नेलेलं नाही. पण तिथे मला कुणी विचारत नाही, "अजून किती वर्षं?"

स्लो_लोकल:

तुम्हीच ते काय, सातला बॅग ठेवून चहाला जाता आणि साडेनऊला उगवता? आमचे बाबा पेपर वाचायला गेले की सगळ्या खुर्च्यांवर सॅक बसलेल्या असतात.

खुर्ची_नं_१४:

दादा, बॅगा ठेवतात हे खरं. मीही ठेवल्यात. आमच्याकडे आता नियम केलाय, अर्ध्या तासाच्या वर खुर्ची रिकामी दिसली तर बॅग जमिनीवर. पण बाबांनाही सांगा, वाचनालयाच्या पेपरातलं शब्दकोडं पेनाने सोडवू नका. पहिला येतो तो तीन शब्द चुकीचे लिहून जातो आणि बाकीच्यांचा दिवस वाया.

स्लो_लोकल:

...बाबाच असणार ते.

फडताळ:

सात आडवा सगळेच चुकतात.

गंमत सोडा, पण हा वाद प्रत्येक वाचनालयात आहे. वृत्तपत्र विभाग सगळ्यांसाठी मोफत असतो, सभासद नसलात तरी. अभ्यासिकेचे पैसे असतात. दोन्ही एकाच हॉलमध्ये कोंबले की भांडण ठरलेलं. यावर मी पाहिलेला चालणारा उपाय म्हणजे पेपरचं टेबल दाराजवळ, उभ्याचं, खुर्च्यांशिवाय. वयस्कर मंडळींसाठी भिंतीला एक बाक. पान उलटल्याचा आवाज आतपर्यंत जात नाही.

मांडवीकाठ:

गोव्याहून लिहिते. पैशांचा विषय निघाला म्हणून एक मजा सांगते. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा उपकर नाही, सगळं अनुदानावर. आमच्याकडे १९९३ च्या कायद्याने उपकर आहे, आणि तो लावलाय विदेशी मद्य आणि बिअरवर! म्हणजे कळंगुटच्या किनाऱ्यावर एखाद्या पुणेकराने बाटली उघडली की त्यातले थोडे पैसे आमच्या पुस्तकांना. यावं, प्यावं, वाचनसंस्कृतीला हातभार लावावा.

पणजीत पाटोला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, मूळ १८३२ चं, पोर्तुगीज काळातलं. पर्यटक चर्च बघून निघून जातात. पावसात अडकलात तर तिकडे जा, दुपार सत्कारणी लागते.

स्लो_लोकल:

मी पुणेकर नाही, पण मागच्या डिसेंबरात भरपूर हातभार लावलाय.

एडिसनवासी:

न्यू जर्सीतून. इथे गावाच्या लायब्ररीचा खर्च मालमत्ता करातून निघतो, त्यामुळे लोक हक्काने भांडतात. कार्ड फुकट, पत्त्याचा पुरावा दाखवायचा. पुस्तक गावात नसेल तर दुसऱ्या गावाहून मागवून देतात. केकचे साचेसुद्धा घरी नेता येतात, संग्रहालयांचे पास मिळतात, सकाळी तान्ह्या मुलांना मांडीवर घेऊन गोष्टींचा तास असतो. माझी आई सहा महिने इथे होती, इंग्रजी बोलायचा सराव तिने तिथेच केला, एका कोरियन आजींबरोबर. दोघींचंही इंग्रजी बेताचंच, पण सुनांबद्दल बोलायला पुरायचं.

मराठी पुस्तकांसाठी मी खरेदीची सूचना भरली होती. उत्तर आलं, पुरवठादार नाही. मग आम्ही आठ घरांनी मिळून पुस्तकं द्यायचं ठरवलं. तर म्हणाले, आधी यादी द्या, काय ठेवायचं ते आम्ही निवडणार. तेव्हा राग आला होता. काकांचं वाचून आता वाटतं, बरोबर होतं त्यांचं.

फडताळ:

अगदी बरोबर होतं. घर रिकामं करताना लोक पोतंभर पुस्तकं आणून टाकतात. त्यात बारावीची गाइडं, पंचांगं, वाळवी. दहातली दोन ठेवण्यासारखी निघतात, बाकी रद्दीत घालायची हमालीही ग्रंथालयाला. देणगी द्यायची तर यादी आधी पाठवा. नाहीतर डोंबिवलीत जानेवारीत पै फ्रेंड्स लायब्ररीचा पुस्तक आदानप्रदानाचा सोहळा असतो, तिथे आपली पुस्तकं देऊन दुसरी घेता येतात.

मोती_साबण:

दिवाळी अंक राहिले! आमच्याकडे एकरकमी अडीचशे भरले की दिवाळीपासून मार्चपर्यंत रोज एक अंक बदलता येतो. विकत घ्यायला गेलात तर तेवढ्यात एखाददुसराच अंक येईल. युक्ती अशी: पहिल्या आठवड्यात ज्यांच्यावर उड्या पडतात ते सोडा, ते फेब्रुवारीत धूळ खात पडलेले असतात. आधी छोट्या गावांतून निघणारे, एकाच विषयावरचे अंक उचला. त्यांची एकच प्रत असते, आणि ती एकदा हरवली की हरवली. १९०९ ला का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथपासून ही परंपरा, आणि आपण ती बाल्कनीत पाय वर करून उपभोगायची.

आमच्या मजल्यावर चार घरांनी योजना घेतली आहे. एकीने आणलेला अंक रात्री दुसऱ्या घरी, सकाळी तिसऱ्या. हे नियमात बसतं का, काका?

फडताळ:

मी वाचलं नाही हे.

पोळपाट:

मंगळवारी गेले. साष्टीचं पुस्तक खरंच नव्हतं, पहिल्या जातीचं "नाही". पण आतल्या कपाटातून कोकणातल्या बंदरांवरचं एक निघालं. शेवटचा शिक्का २००९ चा. बाई म्हणाल्या, "हे आपल्याकडे आहे?"

आता सासूबाईंचं ऐका. आणलेलं पुस्तक उघडलं की त्या आधी पान ४१ काढतात. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीकशी कोयरी नसेल तर वाचलेलं नाही. वाचून झालं की कोयरी काढायची. चिपळूणच्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं म्हणे कोयरीची आहेत. मी हसले, तर त्यांनी इथली कादंबरी माझ्यापुढे धरली. पान २१ वर फुली, पान ५० वर टिंबाचं वर्तुळ, पान ७५ वर 'र', आणि पान १०० वर कुणीतरी चक्क छोटा गणपती. म्हणाल्या, "ही र कोण आहे बघायला हवी. तिचं न् माझं जमतं. तिने घेतलेलं एकही पुस्तक वाईट निघालं नाही."

फडताळ:

ही गोष्ट बाहेर सांगायची नसते, पण सांगतो. आम्हाला सगळ्या खुणा पाठ असतात. कुणी नव्या आजी येऊन "काहीतरी चांगलं द्या" म्हणाल्या की मी त्यांनी आधी आवडलेल्या पुस्तकातल्या खुणा बघायचो. पान ६० वर शून्य असेल तर शून्यवाल्या बाईंची इतर पुस्तकं द्यायची. क्वचितच चुकायचं. 'तुम्हाला हेही आवडेल' हे कंपन्यांनी आता आणलं, आमच्याकडे कधीपासून होतं. अट एकच, पेन्सिल. पेनवाल्यांना मी माफ केलेलं नाही.

विचारी_शेजारी:

धागा गोड चाललाय म्हणून मीठ टाकतो. आमच्या इथलं वाचनालय वर्षातले चाळीस दिवस साड्यांच्या आणि लोणच्यांच्या प्रदर्शनाला हॉल देतं. अभ्यासिकेची मुलं तेव्हा रस्त्यावर. समितीत तीच नावं गेली वीस वर्षं. पुस्तक मागा, वही भरा, हे ठीक, पण ठरवणारे तेच असतील तर?

फडताळ:

हॉल भाड्याने का देतात ते आधी बघा. वर्गणीत विजेचं बिल निघत नाही, अनुदान उशिरा येतं, कर्मचाऱ्यांचा पगार सांगायची लाज वाटते. लोणच्यांवर पगार होतो हे मी अनुभवलंय.

पण तुमचा मुद्दा रास्त आहे. त्याचं उत्तर वार्षिक सर्वसाधारण सभा. नोटीस फलकावर लागते, पंख्याच्या वेळापत्रकाखाली. आमच्याकडे दोन हजार सभासद आणि सभेला अठरा. मग काय होतं, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी तीच माणसं पुन्हा बसतात. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्या अर्ध्या तासात बटाटेवडा होतो. हिशेब मंजूर, समिती बिनविरोध. कुणी कट करत नाही हो, कुणी येतच नाही. पाच नवी माणसं येऊन बसली आणि "ग्रंथखरेदीवर किती खर्च झाला?" एवढंच विचारलं, तरी वड्याचा घास अडकतो. मात्र तुमच्या सभासदत्वाला मताचा हक्क आहे का ते वाचनालयाच्या घटनेत बघून घ्या, काही ठिकाणी तो आजीव सभासदांनाच असतो.

विचारी_शेजारी:

घटनेची प्रत मागतो. देतील?

फडताळ:

पहिल्यांदा "नाही" म्हणतील. जात ओळखा.

पोळपाट:

पाच आठवड्यांनी येतेय.

माझ्या नोंदीखाली आता अकरा नोंदी आहेत. वहीला नवं पेन बांधलंय, तेही सुतळीने. पाककृतीवाल्या बाईंनीही नाव, प्रकाशक, किंमत असं सगळं पुन्हा लिहिलंय, आणि खाली तेच "सहमत", या वेळी सभासद क्रमांकासकट. साष्टीच्या पुस्तकाखाली तीन क्रमांक. समितीने मार्चची वाट न बघता मागवलं! पण मला मिळालं नाही. वृत्तपत्र टेबलावरचे एक आजोबा आधी घेऊन गेले, मी यादीत दुसरी.

नवीनच पंचाईत. सासूबाई परवा चिपळूणला गेल्या आणि जाताना वाचनालयाची कादंबरी पिशवीत घातली. अर्धी राहिली होती म्हणे. माझ्या कार्डावर आहे, मुदत शुक्रवारी संपते, आणि पुढच्या महिन्याआधी कुणी इकडे येणार नाही. फोनवर मुदत वाढवून मिळते का?

फडताळ:

मिळते. दुसऱ्या कुणी मागितलं नसेल तर. तुमची वही बघा.

पोळपाट:

बघून आले. एका सभासदाने मागितलंय. आडनावापुढे फक्त 'र'.